कावेरीअक्कासाठी घेतलेला वायरलेस माईक

ताडकळस, रविवार

ती. कावेरीअक्कास,

धाकट्या जीवनचा नमस्कार. सध्या तो तुझ्या उजव्या पायालाच केलाय. डाव्याचं प्लास्टर निघालं की राहिलेला करीन. इकडं आई, राजेश्री अन् आठ दिवसांची तुझी भाची खुशाल. तू मात्र परवा फोनवर, “मला काही बारशाला येणं जमत न्हाई, चुलतबहीण प्राचीला आत्या म्हणून बसवा,” म्हणालीस अन् फोन ठेवून दिलास. तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागंना. (मी दोनदा वाढून घेतलं, पण गोड लागलं न्हाई.)

तुला बारसं पुण्यात बसून नीट ऐकू यावं म्हणून परभणीहून वायरलेस माईक आणला. प्राचीच्या लग्नाच्या व्हिडिओत तुला मंगलाष्टकांऐवजी नुसता जनरेटर ऐकू आला, ते मी विसरलो न्हाई. ह्या माईकचे दोन नग असतात. एक कॉलरला लावायचा अन् दुसरा, चिंचोक्याएवढा, फोनच्या चार्जिंगच्या जागी खोचायचा. दुकानदार म्हणाला, लहान लेकरूही जोडील. त्याला आपलं घर माहीत न्हाई.

डबी उघडली तोच आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन हजर. घरात आलेली नवी वस्तू कोरडी राहू देईल तर ती आपली आई कसली! ट्रॅक्टरला लावलं, मिक्सरला लावलं, माझ्या हेल्मेटलाही लावलं. मी म्हणलं, लावू दे. पण तिनं हळद चांगली पाण्यात कालवून, आवाज जिथून आत जातो बरोब्बर त्या जाळीवर बोट टेकवलं, अन् धाकट्या नगाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या पिनेलाही. मग काय! फोन त्याला ओळखच देईना. मी फोन बंद केला, चालू केला, माईक चार्ज केला, शेवटी दुकानदाराला फोन लावून नाही नाही ते बोललो. तो बिचारा एकच विचारायलाय, “साहेब, पिन साफ हाय का?” मी म्हणलं, “साफ म्हंजे? पूजा केलेली हाय!”

अखेर राजेश्रीनं बाजेवरूनच हुकूम सोडला: कोरड्या ब्रशनं पिन अन् जाळी घासा, अन् सेटिंगमधलं ओटीजीचं, म्हंजे बाहेरची वस्तू फोनला जोडायचं, बटण चालू करा. हिरवा दिवा लागला. (दोन तास गप्प का होतीस, विचारलं तर म्हणली, करमणूक होत होती.)

तपासायला माईक आईच्या पदराला लावला अन् म्हणलं, जरा लांब जाऊन हळू बोल. आई थेट भिंतीपल्याडच्या सरजाबाईकडं जाऊन बसली अन् माईकचं विसरूनच गेली. अक्का, सगळं रेकॉर्ड झालं, कुजबुजसुद्धा! पहिली पाच मिनिटं माझ्या अकलेवर हायत, ती पाठवत न्हाई. मग सरजाबाईनं विचारलं, नाव कोण ठेवणार? आईचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणली, “प्राची गुणाची हाय, पण लेकराची सख्खी आत्या एकच हाय गं. तिच्याबिगर कसं करू?” मी ते तीनदा ऐकलं. लय वाईट वाटलं. तुझ्याबिगर मलाही ते बारसं नको वाटायलंय.

असो. पायाला जप. दाजींना नमस्कार.

तुझा,
जीवन

ता.क. बारसं ऐकवायचं म्हणून वर लिहिलं, ते राहू दे. माईक ह्याच पुडक्यात धाडलाय; रंगनाथमामा पूर्ण्याहून गाडीनं तुमच्याकडंच यायलेत. तुझ्या खिडकीखाली दिवसभर हॉर्न वाजतात, म्हणून हा सगळा खटाटोप. नाव तूच ठरव, माईक तोंडाशी धर अन् हळूच कुजबुजून मला पाठव. गुरुवारी पाळण्यापाशी मी फोन लेकराच्या कानाला लावीन. तोवर कुणी ऐकणार न्हाई, आईची शपथ. प्राचीला कळवलंय. तीच म्हणली, “सुटले बाई!”

ता.क. दुसरा. आत्या कानात नाव सांगायली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आता ते कुणाला घालायचे, असं सगळ्या विचारायल्यात. मी म्हणलं, अक्काच्या वाटचे मला घाला. सरजाबाई आतापासूनच बांगड्या मागं सारायली. तेव्हा नाव जरा आटोपशीर ठेव.