ह्यांची दारं, माझे कान

१८ सप्टेंबर, गुरु.
पहाटे साडेपाचपासून दारं. कपाटांची धरून अकरा. उघडायचं, धप्पकन लावायचं, कान द्यायचा, मान हलवायची, पुढचं. बावीस वर्षं श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ह्यांनी नव्या गाड्यांची दारं तपासली, नुसत्या आवाजावरून पास-नापास. बाकी सगळं पुसलं गेलं, माझं नावसुद्धा. हे तेवढं राहिलं. मधून मधून "कंपनीची बस आली का?" त्यात कुकर, मिक्सर, समोरच्या देवळातला कर्णा. डोकं ठणकतंय.
मुग्धाचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना जुनी गाणी लाव ना, बरं वाटेल त्यांना." लावली. आता गाणी आणि दारं. आईला कशाने बरं वाटेल, हे लेकीला सुचत नाही.

२० सप्टें., शनि.
डोकं चालवलं. फोमच्या पट्ट्या मागवून, हे झोपलेले असताना सगळ्या चौकटींना चिकटवल्या. सकाळी दारं मुकी. दहा मिनिटं स्वर्ग.
मग एकेक दार वीस-वीसदा. जोर वाढत गेला. "आवाज नाही! लाइन थांबवा!" दुपारी स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी उपटली, बोट सोलवटून घेतलं आणि जमिनीवर बसून रडले. मोठ्याने.
आवाज आला तर दार पास. आवाजच नाही तर दार पास करणार कशावरून? चौतीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढून मला एवढं कळू नये. संध्याकाळी सुरीने पट्ट्या मीच खरवडल्या.
म्हणजे ज्या आवाजाने मी वेडी होतेय, त्याच आवाजावर हे शांत राहतात. छान.

२३, मंगळ.
नवरात्र. वरच्या मजल्यावरच्या शेजारीण जया मामींनी इकडच्या तमिळ रीतीने घरात पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्यात, त्या बघायला बिल्डिंगभर बायकांची ये-जा. कुंकवाला बोलवायला आमची बेल नऊदा. शेवटी पाचजणी आतच आल्या. एकदम बोलत होत्या, एकीने रीत म्हणून दोन गाणी म्हटली. हे कान झाकून भिंतीकडे तोंड करून उभे.
"पावम," एकजण हळहळली. बिचारे! मग सगळ्याच पावम, पावम. सगळं ह्यांना. मला म्हणतात, "तुमचं बरं आहे, साहेब आपले आपण रमतात."
त्या गेल्यावर स्टुलावर चढून बेलची वायर काढली. दारावर कागद लावला, तमिळमध्ये आणि इंग्रजीत: कृपया येऊ नये. ऐन नवरात्रात सवाष्णींना दार बंद केलं म्हणून बोलतील. बोलू देत.

२५, गुरु.
हात उगारला. खोटं कशाला लिहू, मारलं. मनगटावर. मी पोळ्या करत होते, हे फ्रिजचं दार. उघड-लाव, उघड-लाव, बस आली का, उघड-लाव. मला काही दिसेनासं झालं.
ते मागे सरले. "सॉरी, मॅडम."
मॅडम.
लाज वाटते. रागही गेलेला नाही. दोन्ही आहे.

२७, शनि.
डॉ.कडे. "तुम्ही शांत राहा, म्हणजे ते शांत राहतील." अहो, चिठ्ठीवर लिहून द्या ना ती शांतता, आणते मेडिकलमधून!
ह्यांना मारल्याचं मुग्धाला सांगितलं. म्हणाली, "आई, तू फार चिडचिडी झालीयस." म्हटलं, ये आठ दिवस, ही अकरा दारं तुझी. तर "दिवाळीनंतर बघते, ऑफिसात फार गडबड आहे." फोन आपटला.

२८, रवि.
दारावर टकटक. जया मामी. मी भांडायच्या तयारीतच दार उघडलं.
"कागद वाचला. कुंकवाला नाही आले," म्हणाल्या. दोन्ही कानांतली मशीनं काढून पर्समध्ये टाकली, सोफ्यावर बसल्या. "आता मला काही ऐकू येत नाही. डोळे आहेत, लक्ष ठेवीन. तुम्ही वर माझ्या घरी जा. दोन तास. बाहुल्या बोलत नाहीत."
म्हटलं, मामी, ह्यांनी काही मागितलं तर? ऐकूच गेलं नाही. किती दिवसांनी हसले.

१ ऑक्टो., बुध.
चौथा दिवस वर. मामींच्या हॉलमध्ये बाहुल्यांसमोर बसून लिहितेय. खालून दारं ऐकू येतात, पण इथे ती बोचत नाहीत. चालू आहेत म्हणजे हे ठीक आहेत. काल तर दारांच्या आवाजात चक्क डुलकी लागली.

साडेचार. दारं थांबली.
ह्या वेळी कधी थांबत नाहीत. झोपले असतील. काही झालं असतं तर मामी धावत वर आल्या असत्या. की त्याच झोपल्या?
चप्पल घातली. दारापर्यंत गेले.
परत आले. इतके दिवस शांतता, शांतता करून जीव टाकला, आणि मिळाली तर तिचीच धास्ती! संताप येतो. पाच मिनिटं. मी मागितलेली आहेत, माझी आहेत. बसणार.
चार पस्तीस. अजून काही नाही.