खेड लोकसभा मतदारसंघाचा समग्र इतिहास (काम चालू)

१ जून १९९७
काल शाळेतून रिटायर झालो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ (बंद). सत्काराला उत्तर देताना जाहीर करून टाकलं, खेड लोकसभा मतदारसंघाचा समग्र इतिहास लिहिणार. जुन्नरपासून खाली खेडपर्यंत आजवर हे कुणाला सुचलेलं नाही. साहित्य घरातच आहे. मतदारयाद्यांच्या प्रत्येक रिव्हिजनला प्रगणक मीच असायचो, सगळ्या कच्च्या प्रती पत्र्याच्या ट्रंकेत. सहा महिन्यांत पुस्तक फायनल. प्रयागबाई (आमचं कुटुंब) म्हणाली, आधी ट्रंकेचं कुलूप तरी उघडा. कुटुंबाला इतिहासाची दृष्टी नाही.

५ मार्च १९९८
पुन्हा लोकसभा झाली. दोन वर्षांत दुसरी. एक चॅप्टर वाढला. नऊ महिन्यांत प्रस्तावना तीनदा लिहून झाली. तिन्ही चांगल्या आहेत.

९ जून
डोंगराकडून भिमाजी आला. त्याची बावीस घरांची वाडी धरणाच्या पाण्यात जाणार. पंचाण्णव साली तिथं राहत असल्याचा पुरावा दिला तर बदली जमीन मिळते. म्हणाला, लई काय नको गुरुजी, यादीतलं आमच्या वाडीचं पान तेवढं काढून द्या. समजावलं, अस्सल कागद असा सुटा करता येत नाही. याद्या सालवार लावल्या की मीच देतो, आठ दिवसांत. सोबत तांदूळ आणले होते. घेतले, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं.

१८ एप्रिल १९९९
काल दिल्लीत सरकार एका मताने पडलं. आणखी निवडणूक, आणखी चॅप्टर. माझ्या पुस्तकाचा कुणी विचारच करत नाही.
भिमाजी चौथ्यांदा आला. म्हटलं, आता पुस्तकच येऊ दे, त्यात तुमची वाडी असणारच, कचेरीत तेच दाखव. चपला घालून निघून गेला. पटलेलं दिसलं.

२ ऑगस्ट २०००
पाणी वाडीत शिरलं. भिमाजी आणि त्याची बायको साळुबाई वर टेकाडावर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, असं मंचरच्या बाजारात कळलं. फार वाईट वाटलं. उद्या ट्रंक उघडायचीच.

३ ऑगस्ट
पाऊस. कागदांना ओल लागेल म्हणून उघडली नाही.

१७ मे २००४, दुपारी २
निकालांमुळे पुन्हा हुरूप आला. ट्रंक उघडली. वाडीचं पान सापडलं. बावीसही घरांपुढे एकच शेरा: स्थलांतरित. खाली प्रगणकाची सही. माझी.
३.३०. आठवलं. पंचाण्णवचा पावसाळा, वाटेतले तिन्ही ओढे भरलेले. मंचरच्या हॉटेलात भजी खाता खाता वरच्या वाड्यांचे फॉर्म भरून टाकले. ही माणसं आज ना उद्या जाणारच आहेत, असा विचार केला होता. तो चुकला कुठे? गेलीच की.
५.००. पान परत ट्रंकेत. एका पानावरून इतिहासकाराने निष्कर्ष काढू नये.

११ नोव्हेंबर २००६
भिमाजी वारला. शेडमध्येच. तापाचं निमित्त झालं म्हणतात. मौतीला जाणार होतो, पण गुडघा. ही एकटीच जाऊन आली. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. दमली असेल.

२० फेब्रुवारी २००८
पेपरात आलं, खेड मतदारसंघ रद्द. पुढच्या निवडणुकीपासून शिरूर. जेवण गेलं नाही. कुठल्यातरी खोलीत खुर्चीवर बसायचं, इकडे पाऊलही टाकायचं नाही आणि एका शेऱ्यात लाखो माणसांचा पत्ता बदलून टाकायचा! असल्या लोकांना झोप तरी कशी लागते? निषेधाचं पत्र लिहायला घेतलं आहे.

४ मार्च
साळुबाई आली. नवऱ्यामागे बदली जमिनीची केस तीच चालवते. कचेरीत यादीची ऑफिस कॉपी निघाली. (अशी कॉपी असते हे माझ्या ध्यानातच नव्हतं.) म्हणाली, खाली तुमची सही हाय गुरुजी. आमी तवा तिथंच व्हतो, तुमी वाडीत आलाच न्हाई, एवढं एक वाक्य लिहून द्या. चौदा तारखेला घोडेगावला शेवटची सुनावणी हाय, तुमी सोता या. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. शब्द दिला. ही दारात उभी राहून ऐकत होती.

५ मार्च
निवेदनाला सुरुवात. नुसतं एक वाक्य बरं दिसत नाही. थोडी पार्श्वभूमी हवी: मतदारसंघाची स्थापना, पहिली निवडणूक, तालुक्यांचा भूगोल.

११ मार्च
नऊ पानं. हात कसा झरझर चालतो आहे. अकरा वर्षांत असा चालला नव्हता. निवेदनातूनच पुस्तक होईल.

१३ मार्च
चौदा पानं. पंचाण्णव साल तेवढं राहिलं. उद्या एस.टी.त लिहीन.
ही म्हणाली, ते एक वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या, मी घेऊन जाते. चिठ्ठीवर इतिहास मावत नाही.

१५ मार्च
काल सकाळी फेअर कॉपी करायला बसलो. चौदाची सतरा पानं झाली, पंचाण्णव साल राहिलंच. नऊची एस.टी. गेली. मग अकराची. मग गुडघा.
आज साळुबाई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. साहेबांनी चार वाजेपर्यंत वाट पाहिली म्हणे, मग फाइल बंद केली. मी तिला सतरा पानं दाखवली. तिला वाचता येत नाही. पानांवरून हात फिरवून तिनं विचारलं, आमची वाडी कुठल्या पानावर हाय?
पहिल्यांदाच लाज वाटली. तोंड वर करता येईना, म्हणून पानं चाळत राहिलो. ती उभीच होती.