पहिल्या पानाच्या तळाची ओळ

प्रिय बारक्या,

ताईचं पत्र बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला अडवतोस, बरं बरं, बाबा कसे आहेत ते सांग म्हणतोस, आणि मग मीही सगळं हसण्यावारी नेते. कागद मधे बोलत नाही. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पुढच्या टेबलावर लिहायला बसले आहे.

आधी बाबा. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं. नवा चष्मा आल्यापासून मात्र त्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलंय. त्यांना छताच्या कोपऱ्यातली जाळी दिसतात, माझे पिकलेले केस दिसतात, मी स्क्रूची खाच घासवली तर तीही दिसते. परवा एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपखालचं मुंगीएवढं अक्षर त्यांनी घडाघडा वाचून दाखवलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तीन वर्षं ते लपवून ठेवलं होतं. त्यांची चूक नाही. लपवलेलं काही होतंच. पण त्याकडे येते सावकाश, मला जरा धीर गोळा करू दे.

तुझा हेवा मला तू पाळण्यात असल्यापासून आहे. हसू नकोस. घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आईने नियम घातला होता, आठवतो? आधी ताई अर्धा तास, मग बारक्या. आणि तू बाबांच्या मांडीवर चढून हळूच माउस धरायचास, की माझा अर्धा तास गेलाच. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, आधी ताई! बाबा म्हणायचे, लहान आहे गं तो. अरे, तू लहान असायचा कधी थांबलास ते मला अजून कळलेलं नाही. मिशा आल्या तरी लहान, लग्न झालं तरी लहान.

दुकानातही तेच. मी शिक्षण संपल्यावर मागच्या टेबलावर बसले. पंख्यातली धूळ काढ, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढ, कीबोर्डमध्ये सांडलेला चहा पूस. तू महिन्यातून एकदा यायचास, तुझ्या त्या स्पर्धांचे फोटो घेऊन. प्रोसेसरला कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवायचं आणि तो कोलमडायच्या एक पाऊल आधी थांबायचं, ही तुझी कला. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, माझा मुलगा प्रोसेसर पळवतो. ज्यांना प्रोसेसर म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांनाही सांगायचे. आणि वकीलबाईंचा जळालेला बोर्ड मी चार दिवस मान मोडून जिवंत केला, तेव्हा बाबांनी त्यांना फोन करून काय सांगितलं? आमच्याकडे झालं काम. आमच्याकडे! तू केलंस की माझ्या मुलाने केलं, मी केलं की आमच्याकडे झालं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तोंडाने मात्र तुला म्हणायचे, छान रे बारक्या.

मग ते काचेच्या बाजूचा डबा असलेलं मशीन आलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःच्या हौसेसाठी बांधलेलं. एका बंद पडलेल्या ऑफिसातला दणकट बोर्ड, त्यावर पळवता येईल असा प्रोसेसर. तू रविवारी येऊन ते पळवणार असं ठरलं. बघायला टीव्ही दुरुस्तीवाले काका आणि त्यांचे दोन दोस्त येणार होते. शुक्रवारी मी मागे डबे लावत होते, आणि बाबा काकांना सांगत होते की रविवारी मशीन पळालं की पुढचं टेबल पोराला देतो, गिऱ्हाईक तो बघेल, ताई आहेच मागे. ताई आहेच मागे. मी हातातला डबा तसाच धरून उभी होते. अकरा वर्षं मी त्या दुकानात होते, बारक्या.

त्या रविवारचं तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं ऐक. तू नवा शर्ट घालून आला होतास. मशीन सुरू केलंस, बायोसने, म्हणजे बोर्डाच्या मुळातल्या प्रोग्रॅमने, पासवर्ड मागितला, तू आपल्या दुकानाचे नेहमीचे चार आकडे मारलेस, आत गेलास. आणि वेगाची सगळी सेटिंग्ज करडी. दिसतात, पण हात लावू देत नाहीत. तू आधी हसलास. मग प्रोसेसरचा नंबर तपासलास, कंपनीने वेगालाच कुलूप घातलेल्या जातीचा तो नव्हता. मग बायोस नवीन भरायला गेलास, तो पर्यायही करडा. मग बोर्डाने सगळं विसरावं म्हणून त्यावरची गोल बॅटरी काढून अर्धा तास बाहेर ठेवलीस, तोवर काकांचा दुसरा चहा झाला. बॅटरी परत बसवली तर बोर्ड तारीख-वेळ विसरला होता, पण पासवर्ड विसरला नव्हता. त्याने तो पुन्हा मागितला. तेव्हा मी म्हटलं, आता याच्या ध्यानात येणार. पण तू काकांशी बोलता बोलता सवयीने तेच चार आकडे मारलेस आणि थेट वेगाच्या पानावर उडी घेतलीस. पहिलं पान तू कधीच वाचत नाहीस. शाळेतही प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना तू कधी वाचल्या नाहीस.

दुपारी एक वाजता तू म्हणालास, बोर्डच खराब आहे. आणि बाबा सगळ्यांसमोर हसून म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. ते सहज बोलले रे, ते कुणालाही तसं बोलतात. पण तू शर्टाच्या बाह्या खाली केल्यास आणि न जेवता गेलास. पुढचं टेबल मला मिळालं, कोणी काही न बोलता, दुसऱ्या दिवशी. तू गोदामात हजेरी आणि माल मोजायची नोकरी धरलीस. तुझी हत्यारं कुणाला तरी देऊन टाकलीस हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिच्याकडूनच हेही कळलं की तुमची पोरगी कॉम्प्युटरला हात लावायला गेली की तू म्हणतोस, राहू दे, आपल्या हाताला यश नाही.

गेल्या मंगळवारी बाबांनी ते मशीन पुसलं आणि सुरू केलं. चार आकडे मारले, आणि नव्या चष्म्यातून पहिलं पान वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचलं. अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ आहे, प्रवेश फक्त वापरणाऱ्याचा. बाबा थबकले. म्हणाले, म्हणजे मालकाचा, सगळं बदलू देणारा पासवर्ड वेगळा आहे. मग कपाळावर हात मारून हसले, म्हणाले त्या गाढवानेच कधीतरी लावला असेल आणि विसरला असेल, लाव त्याला फोन. तीन वर्षांनी बाबा पुन्हा तुझ्यावर हसले, बारक्या. आणि मी म्हणाले, तो आत्ता कामात असेल, आणि चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

तो पासवर्ड मी लावला. शनिवारी दुपारी, बाबा आडवे झाले होते तेव्हा. मालकाची किल्ली माझ्याकडे ठेवली आणि आपले चार आकडे नुसते वापरणाऱ्याचे करून ठेवले, म्हणजे तुला दार उघडल्यासारखं वाटेल आणि आत काहीच हलणार नाही. त्या बोर्डाचा पासवर्ड बॅटरीवर जगत नाही हे मला माहीत होतं, कारण त्याचं पुस्तक मी वाचलं होतं. तू वाचणार नाहीस हेही माहीत होतं. तुला बारशापासून ओळखते ना मी. बोर्ड खराब नव्हता. तुझा हातही खराब नव्हता. वेळीच तोंड उघडायचं धाडस मला झालं नाही, आणि मग टेबलाची सवय झाली.

आता हे का लिहिलं ते. बाबांना मी काल सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. नुसते उठून काचेच्या डब्याजवळ जाऊन बसले, आणि तिथूनच म्हणाले, कुलूप तू काढू नकोस, त्याला बोलव. तर तू येत्या रविवारी ये. पोरीला घेऊन ये, पुस्तकही टेबलावर काढून ठेवते. मालकाचा पासवर्ड इंग्रजी अक्षरांत आहे, मधे जागा न सोडता: आधीताई. तिला टाकू दे, तू नुसता शेजारी उभा राहा. काकांना मी बोलावलंय आणि कशासाठी तेही सांगितलंय. मशीन पळेल, बाबा सगळ्यांना सांगतील की माझ्या मुलाने पळवलं, आणि माझ्या पोटात दुखेल, हे आत्ताच लिहून ठेवते. दुखू दे. पुढचं टेबल मात्र मी सोडणार नाही, ते मी चांगलं चालवलंय. आज दुपारी टेप घेऊन मोजलं, तिथे दोन खुर्च्या बसतात. कोपराला कोपर लागेल. तू डाव्या बाजूला बस.

पोटात दुखत असलं तरी तुझीच,
ताई