हात न लावलेली काचपेटी

नाशिक,
ता. २८ जानेवारी १९३६

तीर्थरूप ताईस वत्सलाचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. म्हणजे हे कचेरीत खुशाल, कलाबाई चुलीपाशी खुशाल आणि मी खाटेवर खुशाल. खोकला उतारावर आहे. तांबडं पडणं तर थांबलंच म्हण. दाजींना नमस्कार, तान्ह्याला आशीर्वाद.

हे पत्रही नेहमीसारखं आधी उन्हात टाक, मग वाच आणि चुलीत घाल. त्याचा मला राग नाही. राग बाहुलीचा आहे, तो एकदा लिहून मोकळी होते. मी आजारपणात शिवलेली बाहुली तू जाळलीस ते बरोबर केलंस, पण माझ्या सरूच्या देखत जाळलीस! अगं, सहा वर्षांचं पोर ते. आता ती रोज 'आईचं काहीतरी द्या' म्हणून धोशा लावते आणि जेवत नाही, असं तूच लिहितेस. वर हेही लिहितेस, 'वत्सला, तुझा हात लागलेलं काही माझ्या घरात यायचं नाही. माझं पोर अंगावर पितंय.'

बरं बाई. मग हात न लागलेलं पाठवते. उगाच नाही मी इतकी वर्षं मास्तरीण होते!

शाळेत वस्तुपाठासाठी मी बरणीत मासे आणायची, तेव्हा सरू काचेला नाक लावून बसायची. तिला मी माशांची काचपेटी देणार आहे. पेटी ओसरीवर राहील आणि मी आत खाटेवर. खिडकीतून मी फक्त तोंड चालवीन, ते तर डॉक्टरांनीही बंद केलेलं नाही.

कंदील करणारा नजीर मिस्त्री आठवतो? त्याला बोलावलं. म्हणाला, "बाई, माझ्या कंदिलात वारं शिरत नाय, पण पाणी कधी भरलं नाय." तरी केली. खाली शहाबादी फरशी, पत्र्याची चौकट, चार काचा आणि सांधे बुजवायला जवसाच्या तेलात मळलेली लांबी. पहिल्याच दिवशी पेटीने ओसरी धुऊन काढली. बिचारा तोंड पाडून सगळं उकलून पुन्हा बसला. आता थेंब गळत नाही.

वाळू गोदागंगेवरची. पाणी नितळ येईपर्यंत धू म्हटलं, तर कलाबाई कावली. "बाई, तांदूळ इतकं धुतलं आस्तं तर भात नाय, पेज झाली आस्ती." वाळूखाली तळ्यातल्या मातीचा पातळ थर, वरून पाणगवताच्या काड्या खोचल्या. पहिल्यांदा तिने मेथीची जुडी उभी करावी तशा एकाच कोपऱ्यात कोंबल्या. मी इथून ओरडले, मग खोकले, मग ती घाबरली आणि सगळ्या नीट अंतरावर लावल्या. मासे लगेच सोडायचे नाहीत. आधी पाणी निवळू दे, गवत मूळ धरू दे. एवढा धीर मला आहे.

तुझी
वत्सला

नाशिक,
ता. १४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. 'हात लागला नसेल तर पाठव' असं लिहिलंस, देव तुझं भलं करो. शिवरात्र झाल्यावर दाजी गाडी घेऊन बाजाराला येतील तेव्हा पेटी न्यावी. तीन हिश्शांतलं दोन हिस्से पाणी काढायचं, मासे घागरीत ठेवायचे आणि पेटीखाली भरपूर पेंढा अंथरायचा.

मासे आले गं! केरू भोयाने आणले. बोटाच्या पेराएवढे आहेत आणि अंगावर एक काळी रेघ आहे. पाच-सहा गोगलगायीही सोडल्या, त्या काचेवरचं हिरवं खातात. गवताने इतका जोर धरलाय की मासे त्यात लपंडाव खेळतात. एक जरा आगाऊ आहे, सगळ्यांच्या पुढे पुढे करतो. त्याचं नाव सरूला ठेवू दे.

खायला चिमटीभर सातूचं पीठ, तेही एक दिवसाआड. जास्त घातलं तर कुजतं, पाणी नासतं आणि मासे गुदमरतात. सरूला हे दहादा सांग. तिचा हात सढळ आहे, तिच्या बापावर गेलाय.

माझी प्रकृती आहे तशीच आहे. हे आणि डॉक्टर दाराबाहेर हळू बोलतात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.

तिला म्हणावं, ही पेटी आईने केली. हात न लावता केली, पण आईनेच केली.

तुझी
वत्सला

नाशिक,
ता. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

दाजींना पेटी न्यायला पाठवू नकोस.

शिवरात्रीला हे माझ्यासाठी नवस बोलायला त्र्यंबकेश्वरी गेले. कलाबाईला मीच म्हटलं, तूही देवदर्शन करून ये. मला झोप लागली. तेवढ्यात आळीतल्या बायका गंगेवरून परतताना ओसरीवर आल्या. माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, ते त्यांनी माझ्या नावावर जमा केलं. एकीने घातल्या म्हणून दुसरीने, दुसरीने म्हणून तिसरीने. त्यांना काय बोलू, ताई? माझा आजार उतरावा म्हणूनच घातल्या ना त्यांनी! वस्तुपाठ खिडकीतून कलाबाईला दिला, आळीला द्यायचं राहिलं.

दुपारी जाग आली तर पेटीतलं पाणी ताकासारखं झालेलं. तळाशी गोळ्यांचा खच आणि मासे सगळे वर येऊन तोंडं उघडून हवेसाठी धडपडत होते. तो धाप लागलेला श्वास मला ओळखीचा आहे. मी हाका मारल्या. शिवरात्रीच्या दिवशी घरी कोण असणार? दोन मासे उताणे झाले.

मी उठले. भिंत धरून ओसरीवर गेले. घरी नेलेली पेटी आणि मेलेले मासे सरूच्या पुढ्यात येताहेत, एवढंच दिसत होतं मला. पदर तोंडाला घट्ट बांधला होता. तांब्याने पाणी बादलीत उपसलं, कोपरापर्यंत हात घालून गोळ्या वेचल्या, रांजणातलं निवळलेलं पाणी ओतलं. मग खोकला आला. पदराला काही तो आवरला नाही. तांबडं थांबलं असं मी तुला लिहीत आले, ते खोटं होतं. ते कधीच थांबलं नव्हतं. बादलीत पडलेलं मी पाहिलं. पेटीत पडलं की नाही, ते मला सांगता येत नाही.

मासे वाचले. ते उताणे झालेले दोन गेले, बाकीचे आहेत. आगाऊ आहे.

हे कोणी पाहिलं नाही. कलाबाई म्हणते, तिच्या महादेवाने मासे राखले. मी गप्प राहिले असते तर दाजी पेटी घेऊन गेले असते आणि सरू काचेला नाक लावून बसली असती. त्या पाण्यात हात घातला असता, तोच हात तुझ्या तान्ह्याच्या तोंडात गेला असता. तीन दिवस मी गप्प राहून पाहिलं, ताई. शपथेवर सांगते, फार वाटलं होतं गप्प राहावं.

आज ह्यांना सगळं सांगितलं, तेव्हा पेटी धुऊन पाठवू का, असं हे विचारत होते. मी नाही म्हटलं. दुसरी करायची तर वाळू धुवायची, गवत रुजवायचं, पाणी निवळायची वाट पाहायची. तेवढा वेळ आता माझ्याकडे नाही. दाराबाहेरचं बोलणं मी नीट ऐकलंय. मी आहे तोवर पेटी माझ्या खिडकीसमोर राहील. पुढे केरू मासे नदीत सोडेल आणि ती पेटी फोडून टाकायला मी ह्यांना सांगितलंय.

सरूला काय सांगायचं ते मला सुचत नाही. मासे मेले म्हणू नकोस, ते जिवंत आहेत. आईने पाठवले नाहीत, असंच सांग. रागावली तर रागावू दे. रागावून का होईना, जेवेल.

पत्र उन्हात घातलं असशीलच. चुलीत टाकताना मात्र या वेळी तिला परसात खेळायला पाठव.

'लोभ असावा' असं आजवर लिहीत आले. माझ्या वाट्याचा सगळा लोभ आता तिच्यावर कर.

तुझी धाकटी,
वत्सला