मी वास घेतला होता

राजाजीनगर, बेंगळूरु
गुरुवार, दुपार

प्रिय मुग्धा,

फोन सोडून अप्पा पत्र काय लिहायला बसले, असं तुला वाटेल. पण फोनवर मी विचारतो, "कशी आहेस?" तू म्हणतेस, "मस्त." मग मल्हारने काय खाल्लं, किती सांडलं, यावर आपली गाडी येते आणि फोन संपतो. शिवाय तुझी सासू शिवलीला माझ्या खांद्यामागे उभी राहून "तिला सांगा, तिला सांगा" करत असते. आज ती मल्लेश्वरमला बहिणीकडे गेली आहे. घरात पंखा सोडला तर बोलणारं कुणी नाही. माझं शिक्षण निपाणीत सातवीपर्यंत. पुढचं सगळं पेपरात वाचलेलं, दुधाच्या पाकिटांवरचं आणि गिऱ्हाइकांच्या तोंडचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा कर.

परवा योगीराज सांगत होता की तू राजीनामा टाइप करून ठेवला आहेस आणि सोमवारी सकाळी पाठवणार आहेस. जानेवारीत ऑफिसने तुझ्या हाताखाली बारा माणसं दिली, तेव्हा मी आमच्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला होता. ज्यांना 'टेस्टिंग' म्हणजे काय ते कळत नव्हतं त्यांना मी सांगितलं, "लोकांच्या चुका शोधायचं काम, आणि त्याचा पगार मिळतो." आणि आता तू नवऱ्याला म्हणालीस म्हणे, "जिला पोराचा कप नीट धुता येत नाही, तिने बारा माणसं कशाला सांभाळायची." मुग्धा, हे वाक्य तुझं नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते शिवलीलेने म्हटलं होतं, आणि मी शेजारीच बसून ऐकलं होतं. पोरगा आता ठणठणीत आहे, काल व्हिडिओवर माझा चष्मा मागत होता, पण ते वाक्य तू अजून घेऊन फिरते आहेस. राजीनाम्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते शेवटी सांगतो, त्यासाठी थोडं बळ गोळा करावं लागेल. आधी तू मेसेजवर विचारलंस त्याचं उत्तर देतो: "अप्पा, फायनली कुठलं मिल्क सेफ आहे? प्लीज एकदा क्लिअर सांगा."

गेल्या रविवारी तुझा फ्रिज उघडला तर आत दुधाचं संमेलन भरलेलं. पाकीट, खोकं, पावडरचा डबा, वर गायीचं चित्र असलेली काचेची बाटली, आणि एक बदामाचं दूध. बदामाची धार कुठून काढतात हे मला आजवर कळलेलं नाही. यातलं निम्मं तू भीतीने आणतेस आणि निम्मं भीतीने ओतून देतेस.

तर क्लिअर सांगतो. साधं पाकिटातलं दूध घे. डेअरीत ते तापवून गार करून भरलेलं असतं. मल्हारला सायीचं, तुम्हा दोघांना वाटेल ते. पाकिटाच्या रंगावर नवराबायको भांडू नका, भांडायचं तर गारव्यावर भांडा. पाकीट हातात धरल्यावर बोटांना थंडी वाजली पाहिजे. फुगलेलं, कोपऱ्यात चिकट झालेलं, उन्हात ठेवलेल्या क्रेटमधलं सरळ परत दे. तारीख वाच, आणि वाचताना लाजू नकोस. माझ्या दुधाच्या बूथवर एक अक्का चष्मा विसरायच्या आणि मलाच तारीख मोठ्याने वाचायला लावायच्या. मी शाळेतल्या पोरासारखी वाचायचो. बाजारात गेलीस तर दूध सगळ्यात शेवटी घे. आधी दूध, मग भाजी, मग कुणीतरी भेटलं, असं झालं की घरी पोचेपर्यंत दुधाने सगळ्या गप्पा ऐकलेल्या असतात. ॲपवाले पहाटे दाराला पिशवी अडकवून जातात तेही चालेल, पण उठल्याउठल्या ती आत घे. तुमच्या मजल्यावर आठला ऊन दाराशी येतं.

आणल्यावर फ्रिजच्या दारात ठेवू नकोस, दार सारखं उघडतं. आत, मागच्या बाजूला ठेव. तापवायचं तर एक नीट उकळी येऊ दे, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववून घे आणि झाकून आत टाक. तीनतीनदा उकळू नकोस, दूधही दमतं. खोक्यातलं दूध प्रवासाला चांगलं, पुण्याला जाताना तेच ने, पण उघडलं की त्याचा रुबाब संपला, तेही फ्रिजमध्ये जायला हवं आणि दोन दिवसांत संपायला हवं. आणि आपल्या हवेत, त्यातून एप्रिल-मेमध्ये, बाहेर राहिलेल्या दुधाला तासाभराच्या वर सूट द्यायची नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझं पेन अडलं होतं. का ते पुढे कळेल.

काचेच्या बाटलीचंही सांगतो. शनिवारी योगीराजबरोबर देवनहळ्ळीला प्लॉट बघायला गेलो होतो, तेव्हा ते बाटलीवालं फार्म वाटेतच लागलं. मी गाडी थांबवायला लावली. मालक हाफ पँटमधला, आयटी सोडून आलेला. म्हणाला, "अंकल, हमारी गायें बहुत हॅपी हैं." गोठ्यात खरोखर वीणा वाजत होती. मी म्हटलं, "हॅपी असू देत बाबा, भांडी कशी धुतोस ते दाखव." दाखवली, लख्ख होती. मग विचारलं, "तापवतोस का?" नाही म्हणाला, एकदम नॅचरल. "हेब्बाळपर्यंत जातं कसं?" तर म्हणे बाइकवर. "बर्फ?" तो नुसता गोड हसला. योगीराज माझा हात ओढत होता. तेव्हा गाय कितीही गुणी असली, तरी ते दूध कच्चं. आणायचंच असेल तर आधी उकळ, मग बोल.

आता म्हणशील, म्हाताऱ्याला एवढं कुणी शिकवलं. छत्तीस वर्षं बूथ चालवलं, दुसरं काय. पहाटे साडेचारला गाडी यायची. मी प्रत्येक थप्पीतलं एक पाकीट काढायचो, कोपरा कापायचो आणि नाकाखाली धरायचो. एकदा, तू तेव्हा शाळेतही गेली नसशील, गाडीतलं गार करायचं यंत्र वाटेत बंद पडलेलं होतं आणि ड्रायव्हरने ते सांगितलं नव्हतं. मी वास घेतला आणि सगळे क्रेट परत चढवायला लावले. ड्रायव्हर चिडला, "अण्णा, तुम्ही काय मशीन आहात?" त्या दिवशी आमच्या गल्लीत चहा झाला नाही. पुढच्या गल्लीत झाला, पण फुटलेल्या दुधाचा. तेव्हापासून माझ्या नाकाला मान आला. समोरची अंबूबाई रोज पातेलं घेऊन यायची, "अण्णा, स्वल्प वासने नोडी," जरा वास बघा म्हणून. मी वास घेऊन "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हटलं की ती निर्धास्त घरी जायची. डॉक्टरांकडेही लोक इतक्या भरवशाने जात नसतील. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सातवी पास माणसाला मिळालेली तेवढीच पदवी.

तीन वर्षांपूर्वी मी बूथ सोडलं तेव्हा सगळ्यांना गुडघे दाखवले. तुलाही तेच सांगितलं, आणि तू बिचारीने मला गुडघ्याचे पट्टे आणून दिलेस. मुग्धा, माझे गुडघे उत्तम आहेत. तुमच्या हेब्बाळच्या तलावाला मी मल्हारला खांद्यावर घेऊन फेरी मारतो, ते काय पट्ट्यांच्या जोरावर?

गेलं ते नाक. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला आठ दिवस ताप आला होता, आठवत असेल. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आलाच नाही. आधी वाटलं येईल आठवड्यात. मग महिन्यात. मग मी कुणाला सांगायचं सोडून दिलं. अंबूबाई पातेलं घेऊन यायची, मी नाक खाली न्यायचो आणि डोळे वर करून तिचं तोंड बघायचो. तिचं नाक आक्रसलेलं असलं की म्हणायचो, "चहालासुद्धा नको." तिचा चेहरा सरळ असला की "सरी". ती म्हणायची, अण्णांचं नाक म्हणजे नाक. खरं तर ती स्वतःच्याच नाकाने चालली होती. वर्षभर असं निभावलं, मग भीती वाटायला लागली, आणि गुडघे पुढे केले. घरातही तेच. शिवलीला नवी उदबत्ती लावून विचारते, "कशी आहे?" मी तिच्या आवाजावरून ठरवतो, चांगली की फार चांगली. परवा डोसा करपला तेव्हा मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. तिला वाटलं, मी मुद्दाम सांगितलं नाही. दिवसभर अबोला होता आणि मी तो आनंदाने सोसला, कारण त्यात माझं गुपित सुरक्षित होतं.

आता त्या मंगळवारचं. तू आणि योगीराज ऑफिसला गेला होतात, घरात मी आणि मल्हार. अकराला मी कॉफीसाठी दुधाचं पातेलं फ्रिजमधून काढलं. तू ते रात्री तापवून, निववून, झाकून, आत मागे ठेवलेलं होतंस, अगदी मी वर शहाण्यासारखं लिहिलंय तस्संच. तेवढ्यात मल्हारने तुरीच्या डाळीचा डबा उपडा केला. आम्ही दोघं डाळ वेचत बसलो, म्हणजे मी वेचत होतो आणि तो परत पसरत होता. पातेलं खिडकीपाशी उन्हात राहिलं. साडेतीनला तो भुकेने किरकिरायला लागला तेव्हा मला ते दिसलं. साडेचार तास. कुणी गिऱ्हाईक असं दूध घेऊन आलं असतं तर मी नाक न लावताच ओतायला लावलं असतं. पण सवय बघ कशी असते. मी झाकण काढलं, खाली वाकलो, वास घेतला, आणि मान डोलावली. घरात बघायला त्या पोराशिवाय कुणी नव्हतं, तरी मी नाटक केलं. मला काहीच वास आला नाही, आणि 'वास येत नाही' म्हणजे 'दूध चांगलं आहे', असं मी स्वतःला सांगितलं. कोमट करून नाचणीच्या पेजेत घातलं आणि कपातून त्याला पाजलं. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दूध बाहेर राहिलं होतं का. मी म्हणालो, "मी वास घेतला होता, दूध चांगलं होतं." योगीराज लगेच म्हणाला, "अप्पांचं नाक कधी चुकत नाही." झालं, दूध निर्दोष सुटलं. मग उरला तू धुतलेला मल्हारचा कप, त्याच्या झाकणातली ती रबरी चकती, आणि शिवलीलेचं ते बोलणं. तू कपाकडे बघत राहिलीस. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तीन आठवडे झाले, मी रोज उद्या सांगू म्हणतो आहे. तुझा कप स्वच्छ होता, मुग्धा. त्या दुपारी मीच तो ओट्यावरून घेतला होता आणि चकतीसुद्धा काढून पाहिली होती. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या पदरात टाकली. सोमवारी तो राजीनामा पाठवू नकोस. तू माझ्या चुकीपायी नोकरी सोडलीस तर मला पुन्हा तुमच्या दारात उभं राहता येणार नाही. मल्हारला यापुढे माझ्याजवळ ठेवायचं की पाळणाघरात, ते तू ठरव. पाळणाघर म्हणालीस तरी मी समजून घेईन. ठेवलंस तर दुधाला मी घड्याळ लावीन आणि नाकाच्या डॉक्टरकडेही जाईन. योगीराजला शनिवारी मी स्वतः सांगतो, तू मध्ये पडू नकोस. शिवलीला पाचला येईल. आधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, आणि मगच उद्या दोन बस बदलून तुझ्या हातात आणून देणार आहे. मग उद्या रात्री तिचा फोन तुला येईल. माफी मागायची तिला सवय नाही. त्याऐवजी ती विचारेल, "फोनमधले मल्हारचे फोटो कुठे गेले गं?" फोटो जागच्या जागी आहेत, तिलाही ते माहीत आहे. तरी तू तिला कुठे बघायचं ते हळूहळू सांग, आणि लगेच फोन ठेवू नकोस.

तुझाच,
अप्पा