सात नंबरचं भोक

३ डिसेंबर १९९७

आज पुन्हा तेच स्वप्न! माधापूरचे सगळे गोल धोंडे जमिनीपासून वीतभर वर उठले होते आणि वरातीत चालावं तसे सावकाश आमच्या गौलीगुड्यातल्या घराकडे निघाले होते. आवाज नाही, धूळ नाही. मी गच्चीतून मोजतेय — पाचवा, सहावा... सातवा कुठाय? सातवा येतच नाही.

जागी झाले तर आई चहा घेऊन उभी. "काय गं, परेशान दिसतेस?" म्हटलं, काही नाही. आईला "काही नाही" अजिबात पटत नाही, पण आज चहा ठेवून गेली.

इथे तरी लिहून टाकते.

१८ नोव्हेंबरला सरांचं ऑपरेशन होतं. हणमंतराव सर — मला दगड वाचायला शिकवलं ते. मी साइटवर होते. माधापूरला आमची कंपनी कॉम्प्युटरवाल्यांसाठी नऊ मजली इमारत बांधतेय, आणि खाली पक्का खडक किती खोल आहे ते भोकं पाडून सांगणं हे माझं काम. सात नंबरच्या भोकात नऊ मीटरवर खडक लागला. सरांचा नियम असा, की खडक लागला तरी आणखी पाच मीटर खाली जायचं, मगच त्याला मूळचा खडक म्हणायचं. इथल्या मुरमात हत्तीएवढे सुटे धोंडे दडून बसलेले असतात आणि वरून ते अगदी खडकासारखेच लागतात. दीड मीटर झालं आणि मशीनवाला यादगिरी म्हणाला, "पत्थर लग गया मॅडम. बस?" साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, बस. आणि हॉस्पिटलकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर मशीन दुसऱ्या साइटवर गेलेलं. मी कागदावर पाच मीटर लिहिलं. भोकातून निघालेल्या दगडाच्या कांड्या आम्ही लाकडी पेटीत ओळीनं मांडतो. त्या पेटीत सहा नंबरच्या उरलेल्या कांड्या घातल्या आणि खाली सही केली. छान वळणदार सही!

४ डिसेंबर

लिहूनही काही हलकं वाटलं नाही.

७ डिसेंबर

रविवार. तारनाक्याला सरांकडे. व्हरांड्यात उन्हात खुर्ची टाकून बसले होते, अंगावर शाल, डोळे अर्धे मिटलेले. खूप वाळलेत. सगळीकडे दगड — खिडकीत, चपलांच्या फळीवर, तुळशीच्या कट्ट्यावर. काकू म्हणाल्या, "परवा घाईत एका दगडालाच कुंकू लावलं मी. हे म्हणतात, लागू दे, त्याचंही वय झालंय."

सर झोपेतच बोलतात हल्ली. कुठल्या कुठल्या नद्या, कुठले घाट. "त्रिवेणी, कान लाव. हा घणघणतो बघ." हातात हातोडा नाही, समोर दगड नाही. तरी मी मान डोलावली. आणि खरं सांगते, मला ऐकू आलं! घंटेसारखं बारीक, लांब लांब जाणारं. त्या उन्हात बसलं की सरांची स्वप्नं आपल्यातही झिरपतात.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मुलींना धरणाच्या सहलीला न्यायचं नाही असं ठरलं होतं. मी एकटीच मुलगी, म्हणजे मलाच. सर तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "दगडाला काय कळतं हातोडा कुणाच्या हातात आहे ते?" त्या एका वाक्यावर मी इथवर आलेय. आता साइटवर सगळे मला "पत्थरवाली मॅडम" म्हणतात, आणि मला ते आवडतं.

सरांच्या मांडीवर तोच दगड होता. करडा-गुलाबी, मनगटाएवढा जाड, कुठल्याशा भोकातली कांडी. दरवर्षी पहिल्या तासाला तो वर्गात फिरवायचे. "मूळचा की सुटा?" मी ठणकावून सांगितलं होतं, "मूळचा!" सर नुसतं म्हणाले, "पुढे द्या." उत्तर कुणालाच कधी मिळालं नाही.

काकू घरातला एकूण एक दगड पुसतात, त्याला मात्र वळसा घालून जातात. आजही तसंच. मी विचारलं नाही.

सांगायला गेले होते. न सांगता परत आले.

११ डिसेंबर

अविनाश पुण्याहून आला. आमचा मॅनेजर, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. सगळ्यांना बाकरवडी वाटली. "मॅडम, सोमवारी बावीसला पहिलं काँक्रीट. तुमच्या सात नंबरपासूनच मुहूर्त! सात लकी असतो."

माझी बाकरवडी मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

१२ डिसेंबर

सुटा असेलच असं थोडंच आहे? मूळचाही असेल. बहुतेक मूळचाच. बहुतेक! सरांनी हा शब्द ऐकला असता तर वर्गाबाहेर काढलं असतं.

१४ डिसेंबर

सांगितलं.

काकू कोठीच्या बाजारात औषध आणायला गेल्या होत्या. सर डोळे मिटून. मी एका दमात सगळं बोलले — साडेतीन वाजले होते, बस म्हटलं, खोटं लिहिलं, सहा नंबरच्या कांड्या, बावीस तारीख. बोलताना त्यांच्या पायांकडे बघत होते. लोकरीच्या मोज्याला भोक पडलं होतं.

मला वाटलं झोपले.

मग, "हॉस्पिटलात किती वाजता पोचलीस?"

"साडेचारला."

"मी शुद्धीत होतो?"

"नव्हता सर. काकूंनी कानात सांगितलं, त्रिवेणी आलीय. तुम्ही बोट हलवलंत."

"हं."

डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. ऑपरेशननंतर येतं असं काकू म्हणतात. मग एकदम जुना आवाज, वर्गातला! "आलीस ते बरं केलंस. खोटं लिहिलंस ते वाईट केलंस. दोन्ही एकात कालवू नकोस. लाकडाचा तुकडा का नाही ठेवलास?"

कांडी हाती लागली नाही, तर पेटीत तेवढ्याच लांबीचा लाकडाचा तुकडा ठेवायचा. रिकामं ते रिकामं दाखवायचं. पहिल्या वर्षी शिकवलेलं! मला रडू फुटलं.

त्यांनी मांडीवरचा दगड पुढे केला. "मूळचा की सुटा?"

"नुसतं बघून नाही सांगता येत, सर."

"मग इथे बसून काय करतेस? मशीन बोलाव."

१५ डिसेंबर

अविनाशला सांगितलं. आधी हसला — चेष्टा वाटली त्याला. मग चेहरा उतरला. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय? सही केलीत ना तुम्ही?" म्हटलं, केली, म्हणूनच सांगतेय. "हे कुणासमोर बोलू नका." म्हटलं, तुम्ही मशीन मागवलं नाहीत, तर इमारत घेणाऱ्यांना मी स्वतः लिहीन. माझाच आवाज होता का तो?

शेवटी म्हणाला, "मशीन परवा येईल. खडक मूळचा निघो की सुटा, एक तारखेपासून तुम्ही येऊ नका." बरोबरच आहे त्याचं. मीही असंच म्हटलं असतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "हौ. पोळी खा आधी."

१७ डिसेंबर

जुन्या सात नंबरपासून हातभर अंतरावर नवं भोक. नऊ मीटरवर खडक. यादगिरी माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. एक मीटर. दीड. दोन. कांड्या अशा सुंदर निघत होत्या, गुळगुळीत, चकचकीत, एकसंध! माझ्या मनात आलं, मूळचाच आहे, उगाच नोकरी घालवली. अविनाश घड्याळ बघत होता.

दोन मीटर साठ. आणि मशीनचा आवाजच बदलला. दात पडल्यावर माणूस बोलतो तसा. यादगिरी ओरडला, "मॅडम, नीचे कुछ नहीं है!"

भोकातून वर येणारं पाणी लाल झालं. मुरूम. सुटा धोंडा होता! त्याच्यावर नऊ मजले चढणार होते. पुढे तीन मीटर काही म्हणजे काही हाती आलं नाही. सहा नंबरच्या कांड्या काढून टाकल्या, पेटीत खऱ्या मांडल्या, पुढे लाकडाचे तीन तुकडे ठेवले आणि प्रत्येकावर लांबी लिहिली. अक्षर नीट आलं.

जाताना अविनाश आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवून गेला.

१८ डिसेंबर

सरांना सांगितलं. "किती?" "दोन मीटर साठ." हसले. लहान मुलासारखे हसले आणि हसता हसता झोपले. मी तिथेच बसून राहिले. कडुलिंबाची सावली त्यांच्या शालीवरून सरकत भिंतीवर गेली.

१ जानेवारी १९९८

आज साइट नाही. उठल्यावर सवयीनं बूट शोधले.

९ जानेवारी

सर गेले. दुपारी, उन्हात, खुर्चीतच.

१० जानेवारी

धोंड्यांचं स्वप्न पडलं. सगळे आले होते. सातवाही.

२१ जानेवारी

सरांचा तेरावा. माणसं पांगल्यावर काकूंनी मला मागच्या खोलीत नेलं. पदरात गुंडाळून तो करडा-गुलाबी दगड आणला. त्यांच्या हातात तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"पासष्ट सालचा आहे," म्हणाल्या. "आमचा शिवराज आठ महिन्यांचा होता. ताप उतरेना, म्हणून हे कामाला होते त्या धरणावर दोन तारा पाठवल्या मी. ह्यांना दीड मीटरवर खडक मूळचा वाटत होता. पण पाच पुरे करूनच निघाले. हा त्या पाचव्या मीटरचा. मूळचाच होता. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं."

दगड माझ्या ओंजळीत ठेवला.

"म्हणाले, त्रिवेणीला दे. ती आली होती."