उसवलेल्या पुस्तकाचे वाटे

करंजाडे, पनवेल
२१ डिसेंबर २०२५, रविवार

नूरजहाँ आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथं खैरियतीनं आहोत. तुझी तब्येत कशी आहे ते तू मला सांगणार नाहीसच, म्हणून विचारत नाही. विचारलं असं समज.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं सगळं सामसूम. म्हणून कागद घेतला. फाडायचा तर खुशाल फाड, पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, मी काय ओळखत नाही तुला? रायान नाताळच्या सुट्टीत म्हसळ्याला येतोय, त्याच्या हाती देते. त्याला नीट जेवायला घाल. राग माझ्यावर आहे, तो भाच्यावर काढू नकोस.

रायानच्या अब्बूंचं कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं दुकान ठीक चाललंय. संध्याकाळी शर्टाला गंज लावून घरात शिरतात आणि पाणी मागायच्या आधी विचारतात, "आपाचा फोन आला?" मी म्हणते, "आला तर तुमच्याच फोनवर येईल." मग फोन खिशातून काढून बघतात. सगळ्या घराला टेन्शन देऊन ठेवलंयस तू.

आता मुद्द्याचं. वर्ष संपत आलं. कशाचं वर्ष, आठवतंय ना?

गेल्या जानेवारीत तू इथं राहायला आली होतीस. सेक्टरमधल्या वाचनालयात मी तुला घेऊन गेले होते. भिंतीवर कागदाचं मोठं झाड लावलेलं. प्रत्येकाच्या नावाची एक फांदी. वर्षभर महिन्याला दोन मराठी पुस्तकं वाचायची, एक वाचून झालं की आपल्या फांदीवर एक हिरवं पान चिकटवायचं. मी सहज एक पुस्तक उचललं आणि मागच्या बाजूनं उघडलं. उर्दू शाळेत शिकलेला हात, दुसरं काय करणार? तू मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत गेलीस, मला घराजवळची शाळा म्हणून तिकडं घातलं, त्यात माझी काय चूक? पण तू तिथं सगळ्यांसमोर खो खो हसलीस. "ही बघा आमची वाचणारी! हिची चार पानं जरी लागली ना, तर मी माझं नाव बदलीन."

मी तिथल्या तिथं नाव नोंदवलं. तुझ्या नाकावर टिच्चून.

चार कधीच झाली, आपा. नवीन नाव ठरवून ठेव.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने जीव गेला माझा. ओळीखाली बोट ठेवून वाचायचं. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. मनातल्या मनात वाचणं मला जमत नाही, अजूनही नाही, मोठ्यानं वाचावं लागतं. रायान म्हणायचा, "अम्मी, पूर्ण बिल्डिंगला कळतंय हिरोचं लफडं." कळू दे! रमजानमधे एकही पुस्तक घेतलं नाही, तो महिना दुसऱ्या वाचनाचा. ईदनंतर ती कसर भरून काढली. पोळ्या लाटताना पुस्तक डब्याला टेकवून उभं करायचे. एका पुस्तकाला तेल लागलं, वाचनालयात बोलणी खाल्ली, पण पान चिकटवूनच आले.

जुलैत अम्मा औषधपाण्यासाठी आमच्याकडे आली आणि मग तर मजाच झाली. मी मोठ्यानं वाचतेय म्हटल्यावर ती खुर्ची ओढून ओट्यापाशी बसायला लागली. आधी तिला वाटलं मी फोनवर बोलतेय. मग कळलं की गोष्ट आहे. त्यानंतर मला सुट्टी नाही. दुपारची नमाज झाली की हाक यायची, "शायमा, ये गो, म्होरं वाच." एक जाडजूड कादंबरी होती, घाटात ट्रकवाल्यांसाठी खाणावळ चालवणाऱ्या एका विधवेची. तिचा दीर खाणावळ हडपायला टपलेला. अम्मा त्या बाईला "आपली बाई" म्हणायची. "आपल्या बायनं त्या मेल्या दिराला हाकलला का नाय?" एकदा दिरानं चूल फोडली तेव्हा अम्मा इतकी भडकली की तिनं औषध घ्यायला नकार दिला. तू ऐकायला हवं होतंस.

सप्टेंबरात काय झालं ते तुला माहीत आहे. त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही.

नंतर गावाहून परत आले ती बरीच मागं पडले होते. अभिराम, म्हणजे वाचनालय चालवतो तो, बँकेतून रिटायर झालेला, सज्जन माणूस, तो म्हणाला, "ताई, यंदा राहू द्या, घरात एवढं झालंय, कुणी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, "का राहू द्या? मी मेले का?" नोव्हेंबरभर बारकी बारकी पुस्तकं घेऊन धडाधडा वाचली. आता एकच उरलं. तीच खाणावळीची जाड कादंबरी. ती उसवून तिचे चार गठ्ठे झाले होते. वाचनालयाला मी नवीन प्रत आणून दिली आणि ही कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. काढवत नव्हती.

समोरच्या फ्लॅटमधल्या गिरजाबाई तुला आठवत असतील, जालन्याकडच्या, तू आलीस तेव्हा शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या त्या. मागच्या आठवड्यात मी कपाट आवरताना आल्या आणि त्यांनी ते बघितलं. "काय गं, असं फाटकं पुस्तक पैठणीसारखं का दडवलंस?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तुला नाही सांगितलं तेही. त्यांनी गठ्ठे नीट रचून ठेवले. मग म्हणाल्या, "तुला एकटीला होत नसंल तर मिळून करू. तुमच्यात करतात ना तसं." मागं आमच्या मजल्यावर एक म्हातारे वारले तेव्हा कुरआनखानीला त्यांनी बघितलं होतं, बायका कुरआनचा एकेक भाग, सिपारा, घेऊन बसतात ते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला बघ. गोष्टीचं पुस्तक आणि अल्लाहचा कलाम एका तराजूत घालत नाही मी, तोबा, एवढी अक्कल आहे मला. रीतीचं बोलतेय. गठ्ठे आयतेच होते, ते वाटले. पहिला खालच्या मजल्यावरच्या अबोलीला, ती शिकवण्या घेते, तिनं फडशा पाडला. दुसरा गिरजाबाईंच्या सुनेला, सोनमला, तिनं सासूला वाचून दाखवला. तिसरा मी घेतला. चौथ्याचं पुढं सांगते. मग शुक्रवारी दुपारी चहा ठेवून बसलो आणि जिनं तिनं आपापला भाग सांगितला. गिरजाबाईंनी सोनमला सांगूच दिलं नाही, स्वतःच सांगितलं, दिराच्या आवाजासकट.

पूर्ण झालं की हे धराल का, म्हणून आधीच विचारायला आम्ही सगळ्या अभिरामकडं गेलो. तो चष्मा काढून म्हणाला, "शायमाताई, नियम असा आहे की प्रत्येकानं पूर्ण पुस्तक वाचायचं. तुम्ही मिळून वाचलंत तर पान मी कुणाच्या फांदीवर लावू?"

"सगळ्यांच्या," मी म्हटलं. "आमच्यात घरातलं माणूस गेलं की तीस जणी तीस सिपारे वाचतात आणि दुपारभरात अख्खं कुरआन होतं. ते पूर्णच धरतात. तू कुठला वाचलास म्हणून कुणी विचारत नाही."

गिरजाबाई पुढं सरसावल्या. "आमच्या विहारात वर्षावासात तीन महिने एक जण ग्रंथ वाचतो नि आम्ही ऐकतो. मला अक्षर येत न्हाई. मग माझं झालं न्हाई का काय?"

"आजी, ते वेगळं, हे वेगळं."

"काय वेगळं?"

त्यानं नियम सोडला नाही. मी म्हटलं, "नका धरू. तुमचं झाड तुम्हाला लखलाभ." आणि आलो निघून. अबोली वाटेत म्हणाली, नवीन प्रत आहे तिथं, शेवटचा भाग त्यातून वाचून टाका, एका दिवसाचं काम, पान मिळेल. मला नकोय तसं पान.

आपा, लिहिणार नाही म्हणाले होते, पण आता लिहिते. कारण तिसरा गठ्ठा वाचला तेव्हा मला कळलं की त्यातली काही पानं मी आधी वाचली आहेत आणि त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

दवाखान्यातल्या त्या दुपारी मी तेच वाचत होते.

तू फोनवर सांगितलंस, कुरआन काढून यासीन वाच. सकाळी मी वाचली होती. दोनदा. अम्मानं माझ्याबरोबर कलमाही म्हटला, मास्क बाजूला करून, स्वच्छ आवाजात. मग डोळे मिटून पडली. दुपारी जागी झाली आणि म्हणाली, "आता ती खानावळ काढ." मी म्हटलं, अम्मा, आपा रागवेल. तर म्हणते, "तिला नको सांगूस." हसली, आपा. त्या मास्कच्या आत हसली. मी वाचायला लागले. बाईनं दिराच्या ताटात मुद्दाम खारट आमटी वाढली तिथं अम्मानं माझा हात दाबला. मग हात सैल पडला. मला वाटलं झोप लागली. झोपली तरी वाचत राहायचं असं आमचं ठरलेलं, मधे थांबलं की ती जागी व्हायची. म्हणून मी वाचत राहिले. पान उलटलं, आणखी उलटलं. नर्सनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, "ताई, थांबा आता." पुस्तक हातातून पडलं, तेव्हाच ते उसवलं.

अम्मा गेली होती आणि मी वाचत होते. हे मी गिरजाबाईंशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. रायानच्या अब्बूंनाही नाही.

तू संध्याकाळी पोचलीस तेव्हा तिच्या पायाशी ते पुस्तक तुला दिसलं. तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तू भरल्या घरात बोललीस, "आईचा जीव जात होता आणि ही गोष्टी वाचत होती." सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं नाही, कारण ते खरंच होतं. पण खरं असलं म्हणून गुन्हा होतो का? तिनं मागितलं ते मी दिलं. तुझी आई हसत गेली, आपा. तुला हे आधी सांगितलं असतं तर तुझं दुःख कमी झालं असतं, हे मला कळतं. पण तू ज्या तोंडानं बोललीस त्या तोंडाला मला उत्तर द्यायचं नव्हतं.

आणि चाळिसावा. तू पेटीतून सिपारे काढून वाटत होतीस. सगळ्यांना दिलेस, परवा लग्न होऊन आलेल्या त्या पोरीलाही दिलास. मी हात पुढं केला तर माझ्यावरून पुढं गेलीस. म्हणालीस, "हिला राहू दे, हिची पुस्तकं वेगळी असतात." माझ्याच अम्माच्या नावाची कुरआनखानी, आणि मी आत जाऊन भांडी घासली. रडले. खूप रडले, नळ मोठा सोडून.

घरी आल्यावर मी एकटीनं पूर्ण कुरआन वाचलं, तिच्या नावानं. तीसच्या तीस सिपारे. हे कुणाला दाखवायला नव्हतं, म्हणून बोलले नाही. आज बोलते, कारण माझा वाटा तू काढून घेऊ शकत नाहीस हे तुला कळायला हवं. आईसमोर मी काय वाचलं त्याचा जाब अल्लाह विचारील, मी देईन. तू मधे कोण?

झालं. बोलून झालं. आता हलकं वाटतंय.

या पत्राबरोबर रुमालात बांधलेला गठ्ठा आहे, तो त्या कादंबरीचा चौथा, शेवटचा. अबोलीनं मागितला होता, मी दिला नाही. मीही वाचलेला नाही. एक पानसुद्धा उलटून बघितलं नाही. तो तुझा आहे. माफी मागायला पाठवत नाही, माझी काही चूक झालेली नाही. तू अम्माची मुलगी आहेस, तुला वाटा मिळायलाच हवा, म्हणून पाठवते. तू मला दिला नाहीस, तरी मी देते.

आपली बाई खाणावळ राखते की नाही हे अम्माला कळलं नाही, आणि मला कळायचं आहे. तू वाच. मोठ्यानं वाच, तिच्या खोलीत बसून. मग मला फोन कर आणि काय झालं ते सांग. भांडायचं असेल तर ते त्याच्यानंतर भांड, मी फोन ठेवणार नाही.

तू बोलली नाहीस तरी तुझीच धाकटी,
शायमा